मामीचं नाक, मामाची कॉलर

आमच्या मामीच्या हातात तुम्ही शर्ट दिलात, तर ती आधी तो नाकाला लावेल आणि मग तुम्हाला "या, बसा" म्हणेल. नव्या गिऱ्हाइकांना हे जरा जड जातं. एक सद्गृहस्थ तर पहिल्याच भेटीत लाजून आपला शर्ट तिच्या हातातून ओढून घ्यायला लागले होते. मामीने सोडला नाही. त्या ओढाताणीत खिसा उसवला आणि तो मला शिवावा लागला.

मामा-मामीची लाँड्री आहे. आत दोन मोठी धुण्याची मशिनं, एक वाळवायचं, त्यामागे स्टार्चची पोती ठेवायची खोली, पुढे इस्त्रीचं लांब टेबल, मग काउंटर, आणि काउंटरच्या कोपऱ्यात मी आणि माझं शिलाई मशीन. मी बटणं लावते, चेन बदलते, पँट आखूड करते आणि दिवसभर मामा-मामीचं भांडण ऐकते. शेवटचं काम कुणी सांगितलेलं नाही, पण तेच मी सगळ्यात मन लावून करते.

काउंटर मामीचं, इस्त्री मामाची. कपडा आला की मामी कॉलर उचलते, एवढासा श्वास घेते आणि त्याची रवानगी ठरवते. घाम असेल तर थंड पाणी. तेलकट असेल तर आधी पावडर चोळून ठेवायची. ओला गुंडाळून ठेवलेला असेल तर गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनवायचे आणि मग धुवायचा. धुऊन वाळून आला की पुन्हा नाकाला. "स्वच्छ कपड्याला वास नसतो," हा तिचा कायदा. कपड्यांना फुलांचा वास आणणारं औषध विकायला एक जण आला होता. मामीने त्याला विचारलं, "फुलांमागे काय लपवायचंय तुम्हाला?" तो बिचारा बाटल्या आवरून चालता झाला.

या नाकामुळे गल्लीतली निम्मी गुपितं तिला ठाऊक असतात. बँकेतल्या साहेबांनी चोरून तपकीर धरली, हे त्यांच्या बायकोआधी मामीला कळलं होतं. पण ती बाहेर चकार शब्द काढत नाही. फक्त मला सांगते आणि मामाला, आणि तेही फक्त चहाच्या वेळी.

आता मामाबद्दल. मामा मिसरूड फुटल्यापासून सिगारेट ओढायचा. मग एक दिवस इस्त्री करता करता छातीला हात लावून खाली बसला. हृदयाच्या डॉक्टरांनी वाचवलं आणि घरी सोडताना बजावलं, "पुढची सिगारेट शेवटची असू शकते. ती संपेल आणि तुम्हीही." मामाने शपथ घेतली. महिन्याभरात मोडली. घरात पाऊल टाकायच्या आत मामीने पकडलं. पुढच्या वेळी गडी पेपरमिंट चघळत, हात साबणाने धुऊन आला. मामी म्हणाली, "तोंडाने पेपरमिंट खाल्लं. कॉलरने काय खाल्लं?"

तेव्हापासून रिवाजच पडला. संध्याकाळी मामा कपडे पोचवून परत आला की उंबऱ्यातच थांबायचा, वरचं बटण सोडायचा आणि मान वाकडी करून कॉलर पुढे करायचा. मामी काउंटरमागून उठून यायची, वास घ्यायची आणि म्हणायची, "या." मग मामा आत. मी हसायचे, तोही हसायचा. मामी मात्र हसायची नाही. एकदा तो आत गेल्यावर मला म्हणाली, "मला ते हवेत गं. नाक घासून, भांडून, कसेही, पण हवेत." इतकं उघड ती कधी बोलत नाही, म्हणून ते माझ्या डोक्यात राहिलं.

मग ती साथ आली. घरोघर खोकला, घरोघर ताप. मामी दोन-तीन दिवस झोपून राहिली आणि उठली. नाकसुद्धा चोंदलं नव्हतं. ताप उतरल्या उतरल्या काउंटरवर हजर. आणि तिथून आमच्या लाँड्रीचा सुवर्णकाळ सुरू झाला.

"नवा साबण काय सुरेख आहे!" मामी म्हणाली. तिने वाळलेल्या ढिगातला एकेक कपडा नाकाला लावला. वास नाही. दुसरा. वास नाही. "बघ, याला म्हणतात धुणं!" जन्मभर ज्या गोष्टीसाठी ती झटली, ती आता प्रत्येक कपड्यात सापडत होती. मग तर येणारे कपडेही तसेच यायला लागले. "लोक सुधारले गं," ती मला म्हणाली. व्यायामशाळेतल्या मास्तरांनी पोरांच्या बनियनींचं गाठोडं आणलं, तर तिने वास घेऊन ते परत केलं. "हे धुतलेलंच आहे. उगाच पाणी कशाला घालवता?" मास्तर गाठोड्याकडे बघत राहिले आणि खांद्याला मारून निघून गेले. तिची तपासणी इतकी नावाजलेली, की वाद घालायची त्यांची छाती झाली नाही.

चहा तेवढा बिघडला. मामीने आधी चहापत्तीला दोष दिला, मग दुधाला, मग मला. "तुझ्या हाताला चवच उरली नाही," म्हणाली. मी दुप्पट आलं घातलं. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, मामी म्हणाली, "गरम पाणी आहे नुसतं."

रोज संध्याकाळी मामा कॉलर पुढे करायचा. मामी वास घ्यायची आणि तृप्त व्हायची. "तान्ह्या बाळासारखे स्वच्छ आहात," म्हणायची. "या."

हा सगळा आनंद मासेवालीने संपवला. ती बाजारातला ॲप्रन धुवायला घेऊन आली. ती दारात यायच्या आधी ॲप्रन आत आला होता, असं म्हटलं तरी चालेल. मी शिवता शिवता पदराने नाक झाकलं. मामीने ॲप्रन उचलला, शांतपणे नाकाला लावला आणि काउंटरवर ठेवला.

"हा स्वच्छच आहे, ताई."

मासेवाली मामीकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. "अहो ताई, मी हा घालून निघाले की गल्लीतली सगळी मांजरं माझ्या मागे चालत येतात! स्वच्छ कसला?"

मामीने पुन्हा वास घेतला. मग पुन्हा, ॲप्रनमध्ये तोंड खुपसून. मग वाकून काउंटरखालची फिनेलची बाटली काढली, बूच उघडलं आणि बाटली नाकाशी धरली. तिचा चेहरा हलला नाही. तिने बाटली खाली ठेवली, मासेवालीला "परवा घेऊन जा" सांगितलं आणि ती गेल्यावर हळूच स्टुलावर बसली. मला वाटलं, आता कपड्यांचं काढेल. किती चुकीचे कपडे गेले, कोण काय म्हणेल. पण ती उंबऱ्याकडे बघत होती.

"म्हणजे इतके दिवस," ती म्हणाली, "त्यांच्या कॉलरला वास नव्हता, की माझ्या नाकाला?"

  मग तिने माझा हात दाबला. "त्यांना कळता कामा नये. चौकीला कुलूप आहे, हे चोराला कुणी सांगतं का?"

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचे पांढरे कोट आमच्याकडेच येतात. मामी आणि मी कोट पोचवायच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नाकात दिवा धरून पाहिलं, कसल्याकसल्या कुप्या हुंगायला दिल्या. मामीला सगळ्यांत पाणीच भासलं.

"नाक तर मोकळं आहे," मामी म्हणाली. "सर्दी असती तर समजलं असतं."

"साध्या सर्दीत रस्ता बंद होतो," डॉक्टर म्हणाले. "वास आतपर्यंत पोचतच नाही. तुमचा रस्ता मोकळा आहे. गडबड आत, अगदी वर आहे. तिथे वास ओळखणाऱ्या पेशी असतात. मला सांगा, तुमचं मोठं मशीन कशाने बंद पडतं?"

"मशीन सहसा बंद पडत नाही. पंप तरी जातो नाहीतर जाळी तुंबते. मग मशीन असून नसल्यासारखं."

"बस, तसंच. या विषाणूला पेशीत शिरायला कडी लागते. ती कडी वास ओळखणाऱ्या पेशींवर जवळजवळ नसते. त्यांच्या शेजारी मदतनीस पेशी असतात, त्यांना आधार देतात, खाऊपिऊ घालतात. त्यांच्यावर ती कडी भरपूर. विषाणू तिथे शिरतो, मदतनीस मरतात, आजूबाजूला सूज येते. मग वासवाल्या पेशी काम थांबवतात, काही गळूनही पडतात. चवीचंही तेच. जिभेला खारट-गोड एवढंच कळतं, बाकीचा चहा आपण नाकानेच पितो."

मामीने माझ्याकडे पाहिलं. त्या चहाबद्दल मला जे काही ऐकवलं होतं, ते तिने नजरेनेच परत घेतलं. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

"मग आता?" तिने विचारलं.

"नाकात नव्या पेशी तयार करायची सोय असते. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत, काही महिन्यांत येतो. काहींना फार वेळ लागतो. थोड्यांचा पुरता येत नाही, हेही सांगून ठेवतो. तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ ठरावीक वास घ्यायचे. लिंबू, लवंग, निलगिरी, गुलाब."

"गुलाब? या वयात?"

"या वयात," डॉक्टर हसले. "वास आला नाही तरी तो कसा होता ते आठवायचं. आणि एक लक्षात ठेवा. नवे तंतू नाकातून मेंदूपर्यंत वाट काढत जातात. मध्येच कुणी चुकीच्या दारात शिरलं, तर फुलाला टायर जळल्याचा वास येतो. असं होतं असं आम्हाला वाटतं, अजून सगळं उलगडलेलं नाही. तसं झालं तर घाबरू नका. ते परत येण्याचंच लक्षण असतं. तोवर घरातलं दूध, गॅस दुसऱ्या कुणाला हुंगायला सांगा."

स्टार्चच्या पोत्यांमागे चार बरण्या लपवल्या गेल्या. मामी सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन डोळे मिटून बसायची आणि पुटपुटायची, "लिंबू, लिंबू, लिंबू." एकदा मामाने बाहेरून विचारलं, "काय चाललंय आत?" मी म्हटलं, "मामी स्टार्च मोजतेय." तो लगेच इस्त्रीकडे वळला.

काउंटरवर येणारे कपडे मी हुंगायला लागले. माझी पार फजिती झाली. "हा घाम की तेल?" मामी कुजबुजायची. मी म्हणायचे, "दोन्ही." "तुझ्या नाकाला काही अक्कल आहे का?" मामाचे मळलेले शर्टही मी लपून हुंगले, मामीनेच हुंगायला लावले. पण मामाची फेरी चहाच्या दुकानावरून जायची आणि तिथे बाकावरचा एकूण एक माणूस धूर सोडत असतो. मामीला ओढलेल्याचा आणि शेजारी बसलेल्याचा वास वेगळा कळायचा. मला नुसता शर्ट कळायचा.

नवल म्हणजे धुऊन गेलेल्या कपड्यांची एकही तक्रार आली नाही. मामी त्याचं श्रेय नव्या साबणाला देत राहिली. मामा मधूनमधून इस्त्रीच्या टेबलावरून एखादा कपडा "डाग राहिलाय" म्हणत पुन्हा मशीनकडे टाकायचा. मी लक्ष दिलं नाही.

आणि संध्याकाळचा तो उंबरठा. मामा कॉलर पुढे करायचा आणि मामी पूर्वीसारखीच गंभीर होऊन वास घ्यायची. काही येत नसताना घ्यायची. कधी कधी मुद्दाम थांबून पुन्हा घ्यायची, संशय आल्यासारखी, आणि मग "या" म्हणायची.  रोज एका माणसाला आपण डोळे झाकून आत सोडतोय, या भीतीने तिची झोप उडाली होती. त्या काळात ती वाळली.

काही महिन्यांनी, एका सकाळी पोत्यांमागून ओरडली, "ए, इकडे ये!" लिंबाच्या बरणीतून काहीतरी आलं होतं. काय ते तिला सांगता येईना. पण काहीतरी होतं. आम्ही दोघी पोत्यांवर बसून खुळ्यासारख्या हसलो. त्या दिवशी तिने चहाला नावं ठेवली नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मामा संध्याकाळी उंबऱ्यात उभा राहिला आणि कॉलर पुढे केली. मामीने वास घेतला आणि झटक्यात मागे सरली.

"ओढलीत तुम्ही!"

"काय?"

"सिगारेट! राख येतेय नुसती. एवढी राख की एक नाही, पाकीटच ओढलंय!"

"अगं, नाही ओढली."

"खोटं बोलू नका! इतके दिवस माझं नाक गेलं होतं, म्हणून तुमचं फावलं. आता आलंय परत!" बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण काय सांगून बसलो.

मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. मी पळत जाऊन चारही बरण्या आणल्या. "मामी, हे घे. लिंबू."

तिने वास घेतला. कपाळाला आठ्या पडल्या. लवंग. निलगिरी. मग माझी बाही ओढून हुंगली, मग स्वतःची. "राख," ती म्हणाली. "सगळं राख आहे." मग ती तिथेच कपड्यांच्या गाठोड्यावर बसली आणि रडायला लागली. मामी रडताना मी पहिल्यांदाच पाहिली. "म्हणजे वास नव्हता तेव्हाही कळत नव्हतं, आणि आता आला तरी कळणार नाही. मी काय करू? कशी राखू मी यांना?"

मामाने खांद्यावरची झोळी उतरवली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तुझं नाक गेलं हे मला केव्हाच कळलंय," तो म्हणाला. "व्यायामशाळेच्या बनियनी परत केल्यास ना, त्याच दिवशी. त्या गाठोड्याचा वास इस्त्रीपर्यंत आला होता."

"तुम्हाला?" मामी रडता रडता थांबली. "तुम्हाला वास आला?"

मीही हातातली बरणी खाली ठेवली. कारण मामाला वास येणं म्हणजे कमालच होती. फिनेल आणि पाणी यातला फरक ज्याला बाटलीवरचं चित्र बघूनच कळायचा, तो हा माणूस.

"मला आधी वाटलं भास आहे," मामा म्हणाला. "मग रोज टेबलावर एकेक कपडा हुंगायला लागलो. ज्याला वास यायचा तो परत टाकायचो. डागबिग काही नसायचे. तुझ्या डॉक्टरांकडे मीही कोट पोचवायला गेलो होतो. म्हणाले, इतकी वर्षं धुराने नाक मारलं होतंत, सोडल्यावर ते हळूहळू उघडलं. पुन्हा ओढाल तर पुन्हा मंद होईल."

मामी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा स्वभाव जागा झाला. ती उठली, आलेल्या कपड्यांच्या टोपलीतून एक टॉवेल काढला, मामाला डोळे मिटायला लावले आणि नाकाशी धरला.

"न्हाव्याचा," मामा म्हणाला. "दाढीचा साबण."

तिने दुसरा धरला.

"मासेवाली. हा काही परीक्षेचा प्रश्न झाला?"

तिसरा एक साधा निळा शर्ट होता. मामाने वेळ घेतला. "बँकेतले साहेब. आणि त्यांच्या घरी आता कुत्रं आलंय."

मामीने शर्ट टोपलीत टाकला. "मग माहीत होतं, तर रोज ती मान कशाला वाकडी करत होतात?"

मामाने झोळी बाजूला सारली. "कळलं त्याच दिवशी चहाच्या दुकानापाशी थांबलो होतो," तो म्हणाला. "खोटं नाही सांगत. शेजाऱ्याने पाकीट पुढे केलं. मनात आलं, आज पकडणारं कुणी नाही. आणि एकदम भीतीच वाटली. इतकी वर्षं वाटायचं, मी तुझ्या धाकाने ओढत नाही. पण तू उठून दारापर्यंत यायचीस ना, ते मला हवं असायचं. ते वाया घालवावंसं वाटलं नाही. निघून आलो."

 त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडंच राहिलं होतं, ते मामीने लावलं आणि मला म्हणाली, "बघत काय बसलीस? चहा टाक."

आता लिंबू बरंचसं लिंबासारखं येतं. लवंगही आली. गुलाबाचं अजून काही खरं नाही. येणारे कपडे मामी हुंगते, धुतलेले मामा हुंगतो आणि दोघांचं एकमेकांच्या निकालावर भांडण होतं, त्यामुळे माझं काम वाढलंय. पण ती राख तिला पुरती सोडत नाही. कधी कधी संध्याकाळी मामाच्या कॉलरला तिला सिगारेटचा वास येतो, अगदी खरा, जळका. मला तिच्या चेहऱ्यावर दिसतो. जन्मात तिने स्वतःच्या नाकावाचून कुणावर विश्वास ठेवला नाही, देवाधर्मावर नाही, डॉक्टरांवर तर नाहीच. त्या वेळी ती क्षणभर थांबते आणि विचारते, "अहो, तुम्हाला कसला वास येतोय?"

मामा कॉलर स्वतःच्या नाकाशी नेतो. "इस्त्रीच्या वाफेचा," म्हणतो.

तिला अजून धूरच येत असतो. ती म्हणते, "या."